दोन हजार नऊशे एकसष्टावा डाव

मी आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले. लोकांचे काटे खरे करता करता माझ्या जिभेचा काटा जरा एका बाजूला झुकला, असं आमच्या क्लबातली मंडळी म्हणतात. म्हणोत बापडी. मी एकदा असा नाजूक काटा जमवला होता की त्याच्यावर ढेकणाचं जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं वजन वेगवेगळं दिसायचं. जेवण माझंच होतं, त्यामुळे साक्षीदार शोधत फिरावं लागलं नाही. हा ढेकूण लक्षात असू द्या, पुढे तो पुन्हा चावणार आहे.

आज सांगतोय ती मात्र थाप नाही. कडेकडेने थोडी पातळ केली असेल, पण मधला गाभा घट्ट आहे.

आमचा बुद्धिबळाचा क्लब सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. एकवीस पायऱ्या, त्यातली विसावी कुरकुरते, म्हणून आत बसलेल्यांना कोण येतंय ते आधीच कळतं. सहा टेबलं. पाच सगळ्यांची आणि खिडकीतलं सहावं दोघांचं. हे दोघे म्हणजे आमचे पोस्टमास्तर आणि दाताचे डॉक्टर.

मास्तर टपाल खात्यातून निवृत्त झालेले. बंद पाकीट नुसतं तळहातावर धरून आतलं पत्र आनंदाचं की दुःखाचं ते ओळखायचे म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणतो. डॉक्टर दात इतका अलगद काढायचे की एक बाई आठवड्याने परत आली आणि विचारायला लागली, दात कधी काढणार म्हणून. हे दोघं सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी तीन वाजता समोरासमोर बसायचे. सव्वीस वर्षं. एवढ्या वर्षांत एकमेकांना "अहो मास्तर", "अहो डॉक्टर" याच्या खाली कधी उतरले नाहीत. मी मधल्या स्टुलावर बसून गोष्टी सांगायचो. मला खेळता येत नाही असं नाही, पण जिंकता येत नाही, आणि हरणाऱ्याला खिडकीची जागा कोण देतो.

मास्तरांची एक खोड होती. प्रत्येक डावातली प्रत्येक चाल ते पेन्सिलीने चिठ्ठीवर टिपायचे आणि घरी गेल्यावर एका बोटाने कॉम्प्युटरवर उतरवायचे. बुद्धिबळाचे डाव लिहून ठेवायची जगभर एक ठरलेली पद्धत आहे. साध्या मजकुराची फाईल असते. चित्र नाही, रंग नाही, कुठल्याही यंत्रावर उघडावी आणि माणसाने डोळ्यांनी वाचावी अशी. त्यांच्या मुलाने ती पद्धत समजावून सांगितली तेव्हा मास्तरांचा चेहरा खुलला होता.

"अरे, हे तर टपालच आहे," ते म्हणाले होते. "वरती चौकटी कंसात पत्ता. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, निकाल काय. मग एक ओळ कोरी. खाली पत्राचा मजकूर, पहिली चाल, दुसरी चाल. आणि हे महिरपी कंस कशाला?"

"त्यात काही टीप लिहायची असेल तर लिहा," मुलगा म्हणाला होता. "महिरपी कंसातलं मशीन वाचत नाही."

हे शेवटचं वाक्य मास्तरांनी मनाच्या तिजोरीत टाकलं आणि वरून कुलूप लावलं. महिरपी कंसातलं मशीन वाचत नाही. त्यावरून त्यांनी ताडलं की ते कुणीच वाचत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवणाऱ्या माणसाला लिहायला एक बंद जागा सापडली.

तर झालं असं की डॉक्टरांच्या गुडघ्यांनी एकवीस पायऱ्यांशी असहकार पुकारला. दूरच्या शहरात राहणारी लेक म्हणाली, बाबा, आता आमच्याकडे चला. रविवारी निघायचं ठरलं. त्या आठवड्यात डॉक्टर सामानाच्या बांधाबांधीत अडकलेले, खिडकीत मास्तर एकटेच. पटावर मोहरे मांडायचे, बघत बसायचे, उचलून ठेवायचे.

"तिकडे त्यांना दुपारी तीन वाजता काय करायचं?" मला एकदा म्हणाले. मी म्हटलं झोपतील. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पत्ता नसलेलं पाकीट आहे.

मग त्यांनीच तोड काढली. फाईलीत तीन हजार चारशे बारा डाव होते. ते सगळे क्लबाच्या वेबसाईटवर चढवायचे. म्हणजे डॉक्टर लेकीच्या घरी बसून हवा तो डाव उघडतील, बोटाने पुढे मागे करतील. शनिवारी तीन वाजता निरोपाचा चहा होता, त्याच वेळी ही भेट द्यायची. काम मास्तरांच्या सूनबाईकडे आलं. ती हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम लिहिते, तेव्हा दाताच्या डॉक्टरांची फाईल तिच्याच खात्यात मोडते असं माझं मत पडलं.

बुधवारी सूनबाई लॅपटॉप घेऊन क्लबात आली आणि खिडकीच्या टेबलावर बसली. डॉक्टरांच्या खुर्चीत नाही, माझ्या स्टुलावर. मुलीला समज आहे.

"बाबा, किल्लेकोटाला तुम्ही शून्य शून्य लिहिलंय," ती म्हणाली. "इथे ओ अक्षर लागतं. सगळीकडे बदलू?"

किल्लेकोट म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजा एकाच चालीत दोन घरं बाजूला सरकतो आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्या डोक्यावरून येऊन शेजारी उभा राहतो. राजाचा घरबदल. पण अट कडक आहे. त्याआधी राजा एकदाही जागचा हललेला नसावा. हलून परत जागेवर येऊन साळसूदपणे बसला तरी चालत नाही. उंबरा ओलांडला तो ओलांडला.

"बदल," मास्तर म्हणाले. "पत्त्याचं अक्षर वाचता येत नसेल तर वरून गिरवायला हरकत नाही. मजकुराला मात्र हात लावायचा नाही."

सूनबाईने एक बटण दाबलं आणि मास्तरांच्या सव्वीस वर्षांच्या शून्यांची अक्षरं झाली. मग तिने फाईल प्रोग्रामच्या तोंडात सारली. आकडे पळायला लागले. पाचशे, हजार, दोन हजार. मास्तर खुर्चीच्या कडेला येऊन बसले. दोन हजार नऊशे साठ. आणि थांबला. लाल रंगाची एक ओळ आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"डाव दोन हजार नऊशे एकसष्ट, चाल बाविसावी. अशी चाल होऊ शकत नाही म्हणतंय." तिने स्क्रीन जवळ ओढली. "खरंच की. डॉक्टरकाकांनी किल्लेकोट केलाय, पण त्यांचा राजा नवव्या चालीला शहातून सुटायला हललाय. चौदाव्याला परत आलाय. बाबा, टाईप करताना चूक झाली असेल. दुसरी काहीतरी चाल असेल, आठवते का?"

"चूक नाही."

"पण अशी चाल नाही करता येत."

"करता येत नाही. केली. केली तशी लिहिली."

मास्तरांचा आवाज टपाल कचेरीच्या बंद खिडकीसारखा झाला. मी आणि सूनबाईने एकमेकांकडे बघितलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण प्रोग्राम प्रत्येक चाल पटावर करून बघतो. ही चाल होत नाही, म्हणून पुढचं काही उघडत नाही. ह्याच्यापुढचे चारशे एक्कावन्न डाव अडकलेत. मी एवढा डाव गाळून टाकू का?"

"एक पत्र फाडलं की पोस्टमन राहत नाही माणूस."

"मग राजा एक घर सरकवते आणि हत्तीची एक चाल वाढवते. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळेल," मास्तर म्हणाले आणि उठून जिन्याकडे गेले. विसावी पायरी कुरकुरली.

मी मागोमाग गेलो. खाली सायकलवाल्याच्या दुकानापुढे एक लाकडी फळी टाकलेली असते, तिच्यावर ते बसले होते. सायकलवाला एका चाकाच्या तारा ओढत होता, टिंग टिंग करून तार लागली का बघत होता. मी शेजारी बसलो आणि गप्प राहिलो. ज्यांना मी ठाऊक आहे त्यांना कळेल की ही केवढी मोठी गोष्ट आहे.

"तीन वर्षं झाली," शेवटी मास्तर म्हणाले. "त्या दिवशी डॉक्टरांनी राजा उचलला, हत्ती उचलला, दोन्ही ठेवले आणि हसत माझ्याकडे बघितलं. राजा आधी हललाय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. डॉक्टर. दहा चाली पुढचं बघणारा माणूस."

"तुम्ही टोकलं नाही?"

"तोंड उघडलं होतं. मग त्यांचा चेहरा बघितला. म्हटलं, सुरू झालं ह्यांचं विसरणं. माझ्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं, आधी पत्त्यांच्या डावातला हुकूम विसरायचा. तू चुकलास म्हटलं की कसा बघायचा. ते मला दुसऱ्यांदा बघायचं नव्हतं."

टिंग, टिंग.

"आता ही फाईल जगाला दिसणार. लाल ओळ दिसणार. लेक विचारणार, काय झालं होतं? माणूस त्या घरी पोचायच्या आधी त्याची बातमी पोचेल. मग तिकडे डॉक्टर बाप म्हणून राहणार नाहीत, पेशंट म्हणून राहतील. चाल खोटी लिहायची नाही आणि मित्राला उघडं पाडायचं नाही. सांगा आता, वजनकाटेवाले, कुठल्या पारड्यात काय टाकू?"

माझ्याकडे अशा वजनाचं माप नव्हतं.

वर आलो तर सूनबाई गालावर हात टेकून बसली होती. तिने मास्तरांना काही विचारलं नाही. आम्ही खाली असताना तिने त्या डावाचा मजकूर नीट वाचला होता, सगळा, एवढं मला तिच्या तोंडावरून दिसलं.

"बाबा, ह्या फाईलीत एक सोय आहे," ती म्हणाली. "डाव अगदी पहिल्यापासून सुरू झाला पाहिजे असं नाही. वरच्या चौकटी कंसात एक ओळ लिहायची, पटावर कुठला मोहरा कुठे उभा आहे त्याची. मग डाव तिथून सुरू होतो. मोहरे तिथे कसे आले हे मशीन विचारत नाही."

मास्तर थांबले. "विचारतच नाही?"

"नाही. तर आपण डावाचे दोन भाग करू. पहिला भाग एकविसाव्या चालीपर्यंत. दुसरा भाग किल्लेकोट झाल्यानंतरच्या मांडणीपासून शेवटपर्यंत. मधली ती एक चाल मी महिरपी कंसात घालते, तुमच्या टिपेबरोबर. अक्षरही इकडचं तिकडे होत नाही आणि मशीनही अडत नाही."

"टपालासारखंच," मास्तर हळूच म्हणाले. "पाकीट आमच्या हद्दीत आलं की पुढचा प्रवास आमचा. आधी कुठे भिजलं ते आमच्या शिक्क्यात नसतं." मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "पण पहिल्या भागाला निकाल काय लिहिणार? निकालच नसेल तर पत्ता अपुरा राहतो."

"निकाल लागला नसेल तर तारा, चांदणीची खूण, लिहितात. म्हणजे अपूर्ण."

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "लिही. ते खरंच आहे. तो डाव तिथेच अडकलाय."

सूनबाईने दोन ओळी लिहिल्या. आकडे पुन्हा पळाले आणि ह्या खेपेला कुठे न अडखळता शेवटच्या डावावर जाऊन थांबले. एकाचे दोन झाल्यामुळे यादी एकने वाढली होती, तेवढंच.

ती लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली, "बाबा, गेल्या तीन वर्षांत तुमचे डाव फार बरोबरीत सुटलेत, नाही?"

हे काही गुपित नव्हतं. तीन वर्षं खिडकीच्या टेबलावर बरोबरीवर बरोबरी चालली होती. आमचे अध्यक्ष तर नव्या सभासदांना मुद्दाम तिथे उभं करायचे. "बघा," म्हणायचे, "ह्याला म्हणतात तोलामोलाचा खेळ. शंभर शंभर चाली, आणि कुणी कुणाला हटत नाही." मुलं बिचारी पाय बदलत उभी राहायची आणि काही कळत नाही म्हणून स्वतःलाच दोष द्यायची.

"दोघंही मुरलेले," मास्तर म्हणाले आणि विषय बदलला.

शनिवारी डॉक्टर एकवीस पायऱ्या चढून आले. एका बाजूला वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, दुसऱ्या बाजूला मी. प्रत्येक पायरीला डॉक्टर एकेका पेशंटचं नाव घेत होते, ज्याचा दात काढताना त्यांना असाच घाम फुटला होता. विसाव्या पायरीने त्यांना ओळख दाखवली. चहा झाला, अध्यक्षांचं भाषण झालं, त्यात तोलामोलाचा खेळ दोनदा आला. मग सूनबाईने भिंतीवरच्या टीव्हीला तार जोडली आणि क्लबाची साईट उघडली. डॉक्टर आणि मास्तर अशी दोन नावं आणि खाली डावांची यादी, इतकी लांब की सरकवता सरकेना.

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच नाक पुसलं.

"एवढं सगळं लिहून ठेवलंत, मास्तर?"

"चिठ्ठीवर तुमच्यासमोरच टिपत होतो."

"मला वाटायचं सामानाची यादी लिहिताय."

सगळे हसले. सूनबाईने माऊस त्यांच्या हातात दिला. डॉक्टर यादीवरून खाली खाली निघाले, मधूनच एखादा डाव उघडायचे, चार चाली बघायचे, "हा माझा घोडा काय गेला फुकट" म्हणून पुढे जायचे. त्या डावांना टिपा नव्हत्या. मास्तर समाधानाने पाय हलवत बसले होते. आणि मग डॉक्टर थांबले.

"हा डाव दोनदा कसा? दोन हजार नऊशे एकसष्ट, आणि खाली परत एकसष्ट. पहिल्यापुढे तारा का?"

मास्तरांचा पाय थांबला. "ते, तांत्रिक आहे," ते म्हणाले. "सूनबाई सांगेल नंतर."

पण डॉक्टरांनी बोट दाबलं होतं. डावीकडे पट आला. मोहरे एकविसाव्या चालीपर्यंत सरसर चालले आणि थांबले. आणि उजवीकडे, पांढऱ्या पट्टीत, लांबूनही दिसेल एवढ्या ठसठशीत अक्षरांत, महिरपी कंसातला मजकूर आला.

मशीन तो वाचत नाही हे खरंच होतं. मशीन तो नुसता दाखवतं. वाचायला समोर माणसं बसलेली असतात.

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला.

"बाविसावी चाल, किल्लेकोट. राजा आधी हललेला. डॉक्टरांच्या ध्यानात नाही. मी बोललो नाही. जाताना छत्रीही विसरले. ह्यापुढे जपून खेळायचं, त्यांना जिंकू द्यायचं."

खाली सायकलवाल्याने हवा भरलेली वर ऐकू येत होती. अध्यक्षांनी कपाकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्यांनी टीव्हीच्या तारेकडे हात नेला, पण तो मध्येच राहिला. सव्वीस वर्षांत त्यांनी एकच पत्र उघडं टाकलं, आणि ते ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हातात पडलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मला तसं..."

"ती छत्री माझी नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"छत्री. ती ह्याची होती." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी माझी आणलीच नव्हती त्या दिवशी. आणि ह्याच बाबाने त्या दिवशी ढेकणाचं वजन सांगितलं. जेवणाआधी इतकं, जेवणानंतर तितकं. मला असं हसू आलं की मी हसता हसता किल्लेकोट करून बसलो. दोन चालींनी माझ्याच लक्षात आलं."

"लक्षात आलं?" मास्तर म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून. प्यादं घराच्या रेषेवर ठेवलं तरी तुम्ही टोकता. मी वाट बघतोय, आता हाणतील, आता हाणतील. तुम्ही गप्प. चोविसावी चाल झाली, पंचविसावी झाली." डॉक्टरांचा आवाज खाली आला. "म्हटलं, मास्तरांना दिसलंच नाही. मास्तरांना. घरी गेलो तर घास गेला नाही मला."

"खरं आहे," वहिनी म्हणाल्या. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तीन वर्षं मला सांगतायत, मास्तर उतरणीला लागले गं. त्यांच्यासमोर घाई करायची नाही, चांगली चाल दिसली तरी करायची नाही, त्यांना वाईट वाटतं. लेकीकडे जायला सहा महिने का लावले वाटतं? मास्तरांना सोडवेना."

मास्तर डॉक्टरांकडे बघत राहिले. "म्हणजे तुम्ही मला सांभाळत होता?"

"मग तुम्ही काय करत होता?"

"मी तुम्हाला सांभाळत होतो."

"चारशे एक्कावन्न डाव," सूनबाई म्हणाली. ती खालमानेने बोलत होती, पण ओठ आवरत नव्हते. "मी प्रोग्रामकडून तपासून घेतले. तीनशे अठ्ठ्याण्णव बरोबरीत. एका डावात बाबांनी सात वेळा वजीर मारायला दिलाय आणि काकांनी सातही वेळा घेतला नाही. प्रोग्रामला वाटलं फाईल बिघडलीये."

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "पण तो तोलामोलाचा खेळ," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. मागे उभ्या असलेल्या नव्या सभासदांपैकी कुणाच्या तरी नाकातून हसू फुटलं, आणि मग आवरेल कोण. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या, मी स्टुलावरून पडलो. पडलो म्हणजे खरोखर पडलो, हवं तर अध्यक्षांना विचारा.

फक्त ते दोघं हसत नव्हते. डॉक्टर काठी टेकत उठले, खिडकीच्या टेबलापाशी गेले आणि आपल्या खुर्चीत बसले.

"अरे गाढवा," ते म्हणाले. "एकदा विचारायचं तरी होतंस."

मास्तर समोर जाऊन बसले.

"तू तरी कुठे विचारलंस," ते म्हणाले.

"तारा म्हणजे काय, सूनबाई?" डॉक्टरांनी पटावरून नजर न काढता विचारलं.

"अपूर्ण, काका."

"मग मांड रे, एकविसाव्या चालीपासून. माझी चाल आहे. आणि हा राजा जागचा हललेला आहे, हे मी सगळ्यांसमोर सांगतो."

टीव्हीवर बघून मोहरे मांडले. आणि मग तीन वर्षांत त्या खिडकीत जे झालं नव्हतं ते झालं. दोघं खेळले. डॉक्टरांनी घोडा असा आत घुसवला की मास्तर चहा विसरले. मास्तरांनी एक प्यादं फुकट दिल्यासारखं दाखवलं आणि डॉक्टर अर्धा तास त्याच्यावर डोळे बारीक करून बसले, कारण आता द्यायला कुणी काही देत नव्हतं. नवे सभासद टेबलाभोवती कोंडाळं करून उभे होते आणि ह्या खेपेला कुणी पाय बदलत नव्हतं. सहा वाजता चौकीदार किल्ल्या वाजवत आला. चौतिसावी चाल झाली होती आणि कोण वरचढ ते मला सांगता येत नव्हतं. प्रोग्रामलाही नसावं.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "तारा राहू दे."

जिना उतरताना मी सूनबाईला बाजूला घेतलं. "काय गं, टिपा उजवीकडे दिसतात हे तुला ठाऊक नव्हतं?"

"फॉरमॅटचा नियमच आहे काका," ती म्हणाली. "टिपा दाखवाव्याच लागतात. बंद करायची सोय नाही."

मी सत्तर वर्षं थापा मारतोय. दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते. पण ही इतक्या सफाईने मारली होती की मी मान तुकवली.

डॉक्टर रविवारी गेले. आता दर दुपारी तीन वाजता तिकडून एक चाल येते, मास्तर एका बोटाने ती फाईलीत लिहितात आणि सूनबाई ती साईटवर चढवते. दिवसाला एकच चाल, घाई कुणालाच नाही. चालीपुढे महिरपी कंस असतो, आणि आता तो दोघंही भरतात, कुणी वाचत नाही असं न समजता. त्यातला बराचसा मजकूर चारचौघांत वाचण्याजोगा नसतो. डॉक्टरांच्या लेकीने कळवलंय की बाबा जेवताना एकटेच हसतात, काळजी करू का? मास्तरांनी उत्तर पाठवलं, करू नकोस, पुढची चाल बघून रडतील.

परवा मी मास्तरांच्या खांद्यावरून वाकून बघत होतो आणि त्यांना माझ्या दुसऱ्या काट्याची गोष्ट सांगणार होतो, ज्याच्यावर मी एकदा एका माणसाची डुलकी तोलली होती. तेवढ्यात त्रेचाळिसावी चाल आली. घोडा परत आत. आणि शेजारी कंसात:

"तो वजनकाटेवाला जवळ असेल तर त्याला आधी बाहेर काढ, मग विचार कर."